घर, गाडी आणि माणसं एकाच फ्रेममध्ये: कसं जमवायचं?

कोनाडा
मंडळी, आधुनिक बंगला, समोर सेदान आणि दारातून गाडीकडे येणारं जोडपं, अशी एक फ्रेम हवी आहे. वेळ सूर्यास्तानंतरची. फुल फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरची) बॉडी, २४-७० मिमी झूम लेन्स आणि पोलरायझर (चमक कमी करणारा फिरता फिल्टर) आहे. २४ वर घर पूर्ण येतं, पण गाडीचं नाक फुगतं. कॅमेरा जरा वर केला की भिंती आत झुकतात. शिवाय गाडीच्या दारावर ट्रायपॉडचं रिफ्लेक्शन दिसतं. एका क्लिकमध्ये जमेल, की तुकडे जोडायचे?

एफ_आठ
एका क्लिकचा नाद सोडा. ट्रायपॉड न हलवता वेगवेगळी एक्स्पोजर घ्या आणि नंतर मास्क करा, म्हणजे प्रत्येक फ्रेममधला हवा तेवढाच भाग ठेवून जोडा.

नाक फुगतं ते तुम्ही गाडीच्या फार जवळ आहात म्हणून. लेन्सला दोष देऊ नका. १० मीटर मागे जाऊन ५० मिमी लावा. त्या अंतरावर रुंदीत साधारण ७ मीटर मावतात, म्हणजे साडेचार मीटरची सेदान आरामात बसते. घर आणखी ८ मीटर मागे असेल तर तिथे जवळजवळ १३ मीटर मिळतात.

भिंतींसाठी कॅमेरा लेव्हलमध्येच हवा, उंची अंदाजे १ मीटर. छत कापलं जात असेल तर ३५ वर सैल फ्रेम घ्या आणि खालचा रस्ता क्रॉप करा. शिफ्ट लेन्स (कॅमेरा न झुकवता वर-खाली सरकवता येणारी लेन्स) हेच काम पिक्सेल न गमावता करते. भिंती सॉफ्टवेअरमध्ये ओढून सरळ केल्या की चाकं लंबगोल होतात, आणि गाडीवाल्या क्लायंटची नजर आधी तिथेच जाते.

निळी_वेळ
क्रम महत्त्वाचा. माणसं आधी, उजेड असताना: शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) गरजेप्रमाणे वाढवा. मग आयएसओ १००, अपर्चर एफ/८ वर घराच्या फ्रेम, दोन-दोन स्टॉपच्या फरकाने तीन (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). घरातले दिवे आणि आकाश तोडीस तोड दिसतात ती वेळ थोडीच टिकते. फोकस मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) फिक्स.

हेडलाइट नकोत, फक्त पार्किंग लाइट लावा आणि त्यांची फ्रेम तीन-चार स्टॉप कमी एक्स्पोजरवर वेगळी घ्या. घराच्या लांब एक्स्पोजरमध्ये ते नुसते पांढरे ठिपके होतात.

माणसं मास्क करताना त्यांचं गाडीच्या दारावरचं रिफ्लेक्शन आणि जमिनीवरची सावलीही त्याच फ्रेममधून उचला. हे राहिलं की चित्र खोटं वाटतं, नेमकं का ते मात्र बघणाऱ्याला सांगता येत नाही.

काच_आणि_पत्रा
पोलरायझरची एकच पोझिशन पूर्ण गाडीला चालत नाही. पुढची काच, बॉनेट आणि दारं वेगवेगळ्या कोनात असतात. एक साफ झालं की दुसरं चमकतं. किमान दोन फ्रेम घ्या: एक पुढच्या काचेसाठी, एक दारांसाठी. रिंग हलक्या हाताने फिरवा. कॅमेरा केसभर हलला तरी जोड दिसतो. उजेड दीड-दोन स्टॉप कमी होतो, तो हिशोबात धरा.

बाजूच्या आणि मागच्या टफन्ड (तापवून कणखर केलेल्या) काचांवर पोलरायझरमुळे ठिपक्यांची नक्षी उमटू शकते. ती काढत बसण्यापेक्षा त्या काचांसाठी पोलरायझरशिवाय एक फ्रेम घेऊन ठेवा.

ट्रायपॉड दिसतो कारण दार कॅमेऱ्याला समांतर आहे. गाडी थोडी तिरकी लावा. पुढचं चाक असं वळवा की रिम कॅमेऱ्याकडे येईल, टायरची नक्षी नाही. सेंटर कॅपचे लोगो उभे हवेत, सगळे हेडरेस्ट एका उंचीवर.

कोनाडा
आभारी आहे. गाडी काळी आहे, त्याने काही बदलतं का?

काच_आणि_पत्रा
बरंच. काळ्या रंगावर गाडीचा आकार दिसतो तो रिफ्लेक्शनमधूनच, त्यामुळे दारांवरचं सगळं पोलरायझरने काढलंत तर गाडी सपाट होईल. आकाशाची उजळ पट्टी बॉडीलाइनवर राहू द्या. ती कमी पडली तर अंधार झाल्यावर, १० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये एलईडी ट्यूब गाडीला समांतर धरून, एकसारख्या वेगाने पुढून मागे न्या. मध्ये थांबलात की तिथे उजळ डाग पडतो. ट्यूब गाडीच्या छताच्या वर धरा, गडद कपडे घाला आणि जोडताना या फ्रेममधून फक्त गाडी घ्या.