शब्दचर्चा : आनुवंशिक, जन्मजात, पिढीजात, प्रवण – खाण्याच्या विकारांबद्दल लिहिताना

प्रश्न

एका समुपदेशन केंद्रासाठी पालकांच्या हातात द्यायची छोटी पुस्तिका लिहिते आहे. विषय ॲनोरेक्सिया (खाणं तोडत जाऊन धोकादायक रीतीने बारीक होणं), बुलिमिया (ताबा सुटून खाणं आणि मग ओकणं किंवा उपास करणं) आणि खाण्याचे इतर विकार. दोन वाक्यांवर अडले आहे. पहिलं : 'ॲनोरेक्सिया हा ५० ते ६० टक्के आनुवंशिक आजार आहे.' दुसरं : 'मेंदूतील रसायनांच्या असमतोलामुळे हा आजार होतो.' एका सहकाऱ्याच्या मते 'आनुवंशिक'ऐवजी 'जन्मजात' हवं, दुसरीला 'पिढीजात' सोपं वाटतं. शिवाय ॲनोरेक्सियाला 'क्षुधानाश' म्हणावं का? वाचणारे आई-वडील घाबरलेले असणार, हे धरून सांगा.

प्रतिसाद १

ताई, 'जन्मजात' अजिबात नको. जन्मताना जे असतं ते जन्मजात, उदाहरणार्थ दुभंगलेला ओठ किंवा हृदयातलं छिद्र. त्याचं कारण दर वेळी आनुवंशिक असतंच असं नाही. उलट हंटिंग्टनसारखा मेंदूचा पक्का आनुवंशिक आजार बहुधा तिशी-चाळिशीनंतर दिसू लागतो. ॲनोरेक्सिया तर बहुतेक वेळा वयात येताना किंवा त्यानंतरच्या काही वर्षांत सुरू होतो. 'पिढीजात' धंदा असतो, वैर असतं. आजोबांचं जसंच्या तसं नातवाच्या हाती आलं, असा त्याचा अर्थ. इथे तसं काही होत नाही. 'आनुवंशिक'च ठेवा, आणि पहिलं अक्षर 'आ'च हवं. 'अनुवंश'ला 'इक' लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, जशी 'समाज'वरून 'सामाजिक'मध्ये होते. 'अनुवंशिक' सर्रास छापलेलं दिसतं, पण ते चूक आहे.

माझा खरा आक्षेप टक्क्यांना आहे. हा आकडा जुळ्यांच्या अभ्यासातून येतो. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळजवळ सगळी सारखी, द्विबीज जुळ्यांची सरासरी निम्मी. एका जुळ्याला आजार असताना दुसऱ्यालाही तो किती वेळा होतो, याची या दोन प्रकारांत तुलना करतात. स्वीडनमधल्या जुळ्यांच्या मोठ्या नोंदीवरून २००६ साली ॲनोरेक्सियासाठी ५६ टक्के हा अंदाज निघाला. त्याचा अर्थ एवढाच, की त्या लोकसंख्येत हा आजार होण्याच्या शक्यतेत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण निम्म्याहून थोडा जास्त भाग जनुकांमधल्या फरकाशी जोडता येतो. तुमचं वाक्य वाचून आई काय समजेल? एक तर 'माझ्या मुलीला हा आजार व्हायची शक्यता ५६ टक्के', नाही तर 'तिच्या आजारातला ५६ टक्के भाग रक्तातून आला आणि उरलेला ४४ टक्के माझ्या बोलण्यामुळे'. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत, आणि दुसरा तर फार क्रूर आहे. हा आकडा एका मुलीबद्दल काहीच सांगत नाही, म्हणून पालकांच्या पुस्तिकेत तो नकोच.

त्यांना उपयोगी पडेल अशी गोष्ट वेगळी आहे. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या कुटुंबांच्या अभ्यासात, ॲनोरेक्सिया झालेल्यांच्या आई-बहिणी-मुलींमध्ये तो आजार इतरांपेक्षा सुमारे ११ पट जास्त आढळला. आकडा मोठा वाटतो. पण आजार मुळातच विरळा असल्यामुळे ११ पट होऊनही बहुतेक बहिणींना तो होत नाही. 'पट' लिहिलंत तर हे पुढचं वाक्य त्याच परिच्छेदात हवं, पान उलटल्यावर नको.

'जनुकीय दोष' हा शब्दही टाळा. २०१९ मध्ये १७ देशांतल्या १६,९९२ रुग्णांच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या आजाराशी संबंध दाखवणाऱ्या आठ जागा सापडल्या. एकेका जागेचा परिणाम अगदी लहान, आणि ते फरक निरोगी माणसांतही सापडतात. म्हणजे 'ॲनोरेक्सियाचं जनुक' नावाची वस्तू नाही आणि बिघडलेला असा एक भागही नाही. त्या अभ्यासात ॲनोरेक्सियाचं आनुवंशिक नातं मंत्रचळ (ओसीडी), चिंता आणि नैराश्याशी तर दिसलंच, पण चयापचयाशीही दिसलं. म्हणून हा आजार निव्वळ मनाचा नसून मन आणि चयापचय दोन्हींचा मानावा, असं त्या संशोधकांनी सुचवलं. ज्या घरात 'मनावर घे, सगळं ठीक होईल' असं मुलीला वर्षभर ऐकवलं जातं, त्या घरासाठी पुस्तिकेतली ही सगळ्यात मोलाची ओळ ठरेल.

माझी शिफारस 'प्रवण'ची. भूकंपप्रवण, पूरप्रवण, घाटातल्या पाटीवरचं 'अपघातप्रवण क्षेत्र' – शब्द सगळ्यांच्या परिचयाचा आहे. संस्कृतात 'प्रवण' म्हणजे उतरतं, कललेलं. पूरप्रवण गावात दर वर्षी पूर येत नाही. पाऊस किती पडला, धरणातून पाणी कधी सोडलं, यावर ते ठरतं. 'काही मुलींची शरीररचना जन्मापासून या आजाराला प्रवण असते. उपासमार, कडक डाएट, टोमणे, ताण यांतलं काही त्यात मिळालं तर आजार सुरू होऊ शकतो', असं लिहिता येईल. 'मुलींची'च्या जागी 'मुलामुलींची' केलंत तर उत्तम, कारण हे विकार मुलग्यांनाही होतात आणि त्यांचे उशिरा ओळखले जातात.

प्रतिसाद २

मी मनोविकार विभागात परिचारिका आहे. दुसऱ्या वाक्याबद्दल लिहिते.

'असमतोल' वाचलं की पालक विचारतात, 'सिस्टर, रक्तात तपासता येईल का? गोळीने भरून निघेल का?' तराजूचं एक पारडं खाली गेलंय, त्यात थोडं टाकलं की झालं, असं चित्र तो शब्द उभं करतो. अशी रक्ततपासणी नाही. आणि त्याहून अडचणीचा आहे तो 'मुळे'.

सेरोटोनिनचं बघा. हे रसायन तयार व्हायला ट्रिप्टोफॅन लागतं आणि ते शरीर स्वतः बनवत नाही, अन्नातूनच येतं. खाणं तुटलं की सेरोटोनिनचा कच्चा मालच तुटतो. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ वॉल्टर के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं, तेव्हा आजारी असताना सेरोटोनिनपासून बनणारा पदार्थ कमी सापडला. बऱ्या झालेल्यांत मात्र तोच नेहमीपेक्षा जास्त होता. त्यावरून त्यांनी एक अंदाज मांडला : या मुलींच्या मेंदूत सेरोटोनिनचं काम आजाराआधीपासूनच वेगळं असावं, त्यातून सतत धाकधूक आणि सगळं अचूक हवं हा हट्ट येत असावा, आणि उपाशी राहिल्यावर ती धाकधूक काही काळ शमत असावी. हा अंदाजच आहे, पण रुग्ण मुली 'न खाल्लं की शांत वाटतं' म्हणतात त्याच्याशी जुळतो. डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाबद्दलही असंच दिसतं. खाण्याने इतरांना जो आनंद मिळतो, त्याच्या जागी यांच्यातल्या काहींना चिंता जाणवते. 'जेव म्हटलं की घाबरते' हे सोंग नसतं.

आता उलट बाजू. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते सगळे स्वेच्छेने आले होते. महिन्यांतच ते चिडचिडे, उदास, एकलकोंडे झाले. पाककृती जमवू लागले, एकेक घास तासन्‌तास चघळू लागले. त्यांना काही हा विकार नव्हता. म्हणजे उपासमार एकटीच मेंदूला इतकं बदलू शकते. मग समोरच्या मुलीत जे दिसतंय त्यातलं आधीचं किती आणि भुकेने केलेलं किती, हे 'असमतोलामुळे आजार होतो' या वाक्यात कसं मावणार? मी असं लिहीन : 'या आजारात मेंदूचं काम बदललेलं असतं. काही बदल आधीपासूनचे असावेत, काही उपासमारीने होतात, आणि नीट खाणं सुरू झाल्यावर त्यातले बरेच मागे सरतात.'

गोळीचंही स्पष्ट लिहा. फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध बुलिमियात उपयोगी पडतं. ॲनोरेक्सियात वजन भरून आल्यावर ते देऊन पाहिलेल्या चाचणीत (२००६) आजार उलटणं थांबलं नाही.

प्रतिसाद ३

वरचं सगळं पटलं. तरीही 'आनुवंशिक' छापताना माझा हात अडखळेल. आमच्याकडे स्थळ बघताना 'त्यांच्या घराण्यात आहे' हे तीन शब्द पुरतात. मोठीच्या आजाराची पुस्तिका घरी आली आणि त्यात हा शब्द असला, तर धाकटीचं काय? शास्त्रज्ञ म्हणतात, आनुवंशिक म्हटल्याने आईवरचा दोष जातो. आपल्याकडे तो आईवरून उतरून आईच्या माहेरावर चढतो.

प्रतिसाद १ (पुन्हा)

भीती खरी आहे. म्हणूनच 'आनुवंशिक आजार' ही जोडी टाळून 'आनुवंशिक कल' किंवा 'प्रवण' म्हणावं असं मला वाटतं. मधुमेहाबद्दल आपण हेच बोलतो, 'वडिलांना शुगर आहे, जपून राहा', आणि त्यावरून लग्नं मोडत नाहीत. पण शब्द पूर्ण गाळला, तर 'नखरे', 'थेरं', 'आईने लाडावलं' हेच स्पष्टीकरण उरतं, आणि ते मुलीच्या जिवावर उठतं. ॲनोरेक्सियातला मृत्युदर मानसिक आजारांमध्ये सर्वांत वरच्यांपैकी आहे.

'क्षुधानाश'बद्दल : तो मूळ ग्रीक शब्दाचा बरोबर अनुवाद आहे, पण मूळ शब्दच या आजाराला बसत नाही. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३-७४ मध्ये 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव रूढ केलं, तरी भूक मेलेली असतेच असं नाही, बऱ्याचदा ती दाबलेली असते. जर्मनमध्ये याला 'मागरझुख्त' म्हणतात, म्हणजे कृशतेचा ध्यास. शिवाय क्षयाच्या किंवा कावीळ झालेल्या रुग्णाच्या केसपेपरवर डॉक्टर नुसतं 'ॲनोरेक्सिया' लिहितात, ते साध्या भूक न लागण्यासाठी. 'क्षुधानाश' वाचून पालक भुकेचं टॉनिक आणतील. आणखी एक : भारतातल्या काही रुग्ण मुली 'मी जाड आहे' म्हणतच नाहीत. 'पोट जड आहे', 'भरलंय', 'पचत नाही' एवढंच सांगतात. ही वाक्यं पुस्तिकेत जशीच्या तशी द्या, पालक ओळखतील. नाव 'ॲनोरेक्सिया'च राहू दे.

प्रतिसाद २ (पुन्हा)

बुलिमियाला कुणी 'भस्म्या' सुचवण्याआधीच लिहिते. भस्म्या म्हणजे कितीही खाल्लं तरी न शमणारी भूक. बुलिमियात मुलगी थोड्या वेळात खूप खाते, थांबता येत नाही, मग ओकते किंवा उपास करते, आणि हे सगळं लपवते. ओकारी आणि लपवणं 'भस्म्या'त येत नाही. 'खादाड', 'अधाशी', 'हावरी' हे तर शिव्याच आहेत. आमच्या वॉर्डात आम्ही 'खाण्यावरचा ताबा सुटणं' म्हणतो. मुलीही स्वतःहून तेच म्हणतात, 'ताबा सुटतो'.