होला मोहल्ला, होला महल्ला की हल्लाबोल?

पेन्सिलवाली: पंजाबातल्या आनंदपूर साहिबच्या होला मोहल्ला या शिखांच्या सणावरचा एक हिंदी लेख किशोर वाचकांसाठी मराठीत करतेय. संपादकांचं म्हणणं, मराठीत मोहल्ला म्हणजे वस्ती, मुलं गोंधळतील. नांदेडच्या बातम्यांत ‘हल्लाबोल’ छापतात, तेच घ्या. मला ते मोर्चाच्या घोषणेसारखं वाटतं. शिवाय मूळ लेखात तिथी ‘चैत बदी एकम’ आहे. ती ‘चैत्र वद्य प्रतिपदा’ करावी का?

गोदाकाठ: तिथी तशी अजिबात करू नका! आपली चैत्र वद्य प्रतिपदा हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी येते. पंजाबात महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यांची चैत बदी एकम ती आपली फाल्गुन वद्य प्रतिपदा, म्हणजे सरळ धुळवड. गुरू गोबिंदसिंगांनी 1701 मध्ये आनंदपूरला होलगढ किल्ल्यावर हा सण सुरू केला तो याच तिथीला.

आणि ‘हल्लाबोल’ला मोर्चाची घोषणा म्हणू नका, मी नांदेडचा आहे. सचखंड गुरुद्वारातून निशाणसाहिब म्हणजे शिखांचा ध्वज, घोडे, निहंग योद्धे, गतका हा शस्त्रांचा खेळ खेळणारी पोरं असं सगळं निघतं. वाटेत अरदास म्हणजे प्रार्थना होते आणि मग ‘बोले सो निहाल’च्या गजरात शस्त्रं उंचावून माणसं धावत सुटतात. तो हल्ला. लहानपणी आजी मला खांद्यावर घेऊन बघायला उभी राहायची. आमच्या मराठी घरात ‘आज हल्लाबोल आहे’ असंच म्हणतात, दुसरं नाव मी ऐकलेलं नाही.

मूळशोध: पण नांदेडला हल्लाबोल दसऱ्यालाही निघतो ना? मग ते मिरवणुकीचं नाव झालं, होळीच्या सणाचं नव्हे. आनंदपूरच्या लेखात ते बसणार नाही.

काहनसिंग नाभांनी ‘महानकोश’ या शीख ज्ञानकोशात (1930) होला-महल्ला म्हणजे हल्ला आणि हल्ल्याची जागा असा अर्थ दिलाय. ते खेळाशी जुळतं. गुरू शिखांची दोन दळं करत, एकानं जागा राखायची, दुसऱ्यानं चाल करून ती घ्यायची, आणि जिंकणाऱ्यांना सिरोपाव, म्हणजे मानाचं वस्त्र. तरी माझं मत वेगळं. मोहल्ला अरबी ‘महल्ला’वरून आला, धातू ह-ल-ल, म्हणजे उतरणं, मुक्काम करणं. सैन्याच्या तळालाही हा शब्द लावत. आपला ‘महाल’ त्याच धातूचा. नागपूरचं महाल घ्या, महालाचा अधिकारी तो महालकरी घ्या. संपादकांना खटकणारी ‘वस्ती’ मुळात छावणी आहे. एका ओळीची टीप द्या, मुलांना आवडेल.

ओवी: गुरू ग्रंथसाहिबात ‘महला 1’, ‘महला 5’ असतं, तेच का हे?

मूळशोध: अर्थानं नाही. तिथे महला म्हणजे गुरूंचा क्रम. महला 1 नानकदेव, महला 5 अर्जनदेव, महला 9 तेगबहादूर. आपल्या नामदेवांची 61 पदं त्यात आहेत, पण त्यांच्यावर महला नाही, भगत नामदेवांची वाणी असंच लिहितात.

स्वभाषा: हल्ला, मोहल्ला, महाल, सगळं परकं! शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवला तो कशासाठी? किशोरांसाठी लिहिताय तर ‘वीरहोळी’ लिहा. होला हे होळीचं पुल्लिंग, सुरीचा सुरा होतो तसं. पराक्रमाचा अर्थ त्यातच आला.

गोदाकाठ: ज्या गुरूंनी औरंगजेबाला जफरनामा हे पत्र फारसीत लिहिलं, त्यांच्या सणाचं नाव तुम्ही फारसी-अरबीचा वास येतो म्हणून बदलणार? नाव त्या लोकांचं आहे. तीनशे वर्षं ते घोड्यावर बसून ते नाव घेताहेत. उद्या कुणी ‘वारी’चं भाषांतर केलं तर चालेल का आपल्याला?

स्वभाषा: वारीची तुलना गैरलागू. मी नाव पुसा म्हणत नाही, मराठी मुलाला कळेल असं लिहा म्हणतोय.

शिवारातली: पुल्लिंगाचं मला पटत नाही. आमच्याकडे मराठवाड्यात हरभऱ्याचे डहाळे काट्याकुट्यांच्या जाळात भाजतात, त्याला हुळा म्हणतात. हुरडा ज्वारीचा, हुळा हरभऱ्याचा. होळीच्या सुमाराला रानात दुसरं काय असतं? हिंदीतही भाजलेल्या हिरव्या हरभऱ्याला होला म्हणतात. माझे वडील तर होळीलाच ‘हुळ्याचा सण’ म्हणायचे.

मूळशोध: संस्कृतात ‘होलक’ आहे, अर्धवट पिकलेलं, जाळावर भाजलेलं कडधान्य. आणि होळीला ‘होलाका’. तेव्हा हे नातं हवेतलं नाही. पण होलगढावर लढाईचा सराव व्हायचा, तिथे हरभरा कसा आणणार?

शिवारातली: फौज उपाशी लढत होती का? फाल्गुनात तेव्हा पंजाबच्या शेतातही हरभरा उभा असायचा.

पेन्सिलवाली: सगळ्यांचे आभार. तिथी ‘फाल्गुन वद्य प्रतिपदा’ करतेय, कंसात ‘धुळवड’. नावाचं मात्र अजून अडलंय. ‘होला महल्ला’ की ‘मोहल्ला’? पंजाबीतून लिहिताना म वर ओकार नाही, पण हिंदी लेखात सगळीकडे आहे.

ओवी: आमच्याकडे हुळ्याला हावळा म्हणतात. आणि तो घाट्यांसकट, म्हणजे दाण्यांच्या शेंगांसकट भाजतात, नुसता डहाळा नव्हे.

शिवारातली: डहाळ्याला घाटे असतातच की! सोलून भाजला तर तो हुळा कसला?