चर्चा धागा: पंधरा हातपंपांचा पब आणि ताज्या एलचा प्रश्न

मिडलँड्सचा प्रवासी (धागाकर्ता)

बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्थानकातून बाहेर पडून थोडे चालले की बेनेट्स हिल हा चढाचा रस्ता लागतो. तिथे ‘द वेलिंग्टन’ नावाचा पब आहे. तो २००४ साली सुरू झाला, म्हणजे इंग्लंडमधील पबांच्या वयाच्या हिशेबाने अगदी अलीकडचा. मागच्या शनिवारी मी तिथे तिसऱ्यांदा गेलो आणि परत येताना जे मनात आले, ते इथे चर्चेसाठी मांडतो.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जी बिअर पिंपात भरल्यानंतरही यीस्टमुळे आंबत राहते आणि बाहेरून वायूचा दाब न देता पेल्यात येते, तिला इथे रिअल एल म्हणतात. ती बहुधा तळघरातून हाताने ओढून वर काढावी लागते आणि त्यासाठीचा पंप आपल्या गावाकडच्या हापशाच्याच तत्त्वावर चालतो. बहुतेक पबांत असे दोन-तीन पंप असतात, पण वेलिंग्टनमध्ये पंधराहून अधिक आहेत. कोणत्या पंपावर कोणती एल आहे, तिचा रंग कसा आणि मद्यांश किती, हे सारे पडद्यावर क्रमांकासह दिसते आणि आपण फक्त क्रमांक सांगायचा. पब ‘ब्लॅक कंट्री एल्स’ या कंपनीचा असल्यामुळे ‘पिग ऑन द वॉल’सारख्या तिच्या स्वतःच्या एल नेहमी असतात आणि उरलेल्या पंपांवर देशभरातल्या छोट्या ब्रुअऱ्यांचा, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारखान्यांचा, माल फिरत राहतो. तिथे स्वयंपाकघर नाही, पण घरचे खाणे आणायला मुभा आहे आणि ताटल्या व काटे-चमचे तेच देतात. आम्ही डब्यातून थालीपीठ नेले होते. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी ते काय आहे म्हणून आपणहून विचारले आणि पुढचा अर्धा तास त्यांनी आम्हाला माइल्ड (कमी कडू, बहुधा गडद एल) आणि बिटर (अधिक कडवट एल) यांतला फरक समजावून सांगितला.

माझे मत असे आहे की परदेशातून आलेल्या आणि या पेयाशी ओळख नसलेल्या माणसासाठी शहराच्या मध्यभागी असलेला, भरपूर निवड देणारा हा नव्या धाटणीचा पब हीच रिअल एल समजून घेण्याची सर्वांत योग्य जागा आहे. इंग्लंडमध्ये बिअर एक तृतीयांश पाइंटाच्या मापातही कायद्याने विकता येते. एका पाइंटाच्या, म्हणजे ५६८ मिलिलिटरच्या हिशेबात तीन वेगवेगळ्या चवी शेजारी ठेवून चाखता येतात, आणि चव कळायला शेजारी ठेवण्यासारखा दुसरा मार्ग नाही. वस्तीतल्या जुन्या पबात दोन एल असतात आणि त्यांतली एकही आवडली नाही, तर माणूस आयुष्यभर लागरकडे, म्हणजे थंडगार, फेसाळ, फिकट बिअरकडे वळतो.

जुना नेदरटनकर

मी सव्वीस वर्षे बर्मिंगहॅमच्या पश्चिमेकडच्या डडली गावाजवळ राहतो आहे आणि धागाकर्त्यांच्या उत्साहाचा आदर राखून मला त्यांच्या मुख्य विधानाशी स्पष्ट असहमती नोंदवायची आहे. रिअल एल ही जिवंत वस्तू आहे. नीरा पहाटे उतरवली तेव्हा एक असते आणि ऊन चढल्यावर दुसरीच होते, हे आपल्या लोकांना सांगायला नको. पिंप उघडून पंपाला जोडले की बिअर जशी ओढली जाते तशी आत हवा शिरते, आणि तीन दिवसांच्या आत ते पिंप संपले नाही तर आतली बिअर आधी निष्प्राण आणि मग आंबट होऊ लागते.

आता हिशेब करा. सर्वसाधारण पिंपाला फर्किन म्हणतात. त्यात ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट बसतात, आणि तळाचा साका वगळला तर साधारण ७० विकता येतात. सोळा पंप धरले तर ११२० पाइंट झाले. ते तीन दिवसांत संपवायचे तर रोज सुमारे ३७० पाइंट फक्त रिअल एलचे खपले पाहिजेत, आणि तेही सोळा पंपांवर सारखे. शुक्रवार-शनिवारी ते शक्य आहे, पण मंगळवारी दुपारी चार वाजता बारा क्रमांकाची, कुणी न ऐकलेली, साडेसहा टक्क्यांची पोर्टर (काळसर एल) मागणाऱ्याला काय मिळेल याचा विचार निवडीचे कौतुक करणाऱ्यांनी करावा. दुसऱ्या एका शहरात, वीस पंपांचा गाजावाजा असलेल्या एका पबात, मला पहिलाच पेला असा मिळाला की त्याचा वास सिरक्यासारखा येत होता. त्यांनी तो तक्रार न करता बदलून दिला हे खरे, पण दुसरा पेलाही थकलेलाच होता. त्या दिवशी माझ्यासोबत पहिल्यांदा एल पिणारा भाचा होता आणि त्याने ती पुन्हा कधी मागितली नाही.

आमच्या वस्तीतल्या पबात तीन पंप आहेत. तिन्हींवरची पिंपे दोन दिवसांत संपतात, कारण तिथे येणारी माणसे तेच पितात. निवड कमी असेल, पण जे पेल्यात येते ते ब्रुअरने जसे कल्पिले होते तसे असते. नवख्या माणसाने आधी एक उत्तम पेला प्यावा की सोळा बरे पेले चाखावेत, हा खरा प्रश्न आहे.

कोथरूडची वाचक

मी गेल्या वर्षी लेकीकडे लीड्सला गेले होते तेव्हा अशाच एका मोठ्या पबात गेले होते. पुण्यात २००९ नंतर जी बिअर जागेवरच बनवून विकली जाऊ लागली, तिची मला थोडीफार सवय आहे, पण ती थंडगार आणि फेसाळ असते. लीड्समधली एल मला कोमट आणि निपचित वाटली. नावे पंधरा असली तरी सगळ्यांत हेच असेल, तर त्या निवडीचा उपयोग काय? शिवाय मी मासे खात नाही आणि रिअल एल निवळण्यासाठी त्यात माशाचा काही अंश घालतात असे मला कुणी तरी सांगितले. हे खरे असेल तर आपल्यातल्या किती लोकांना ते ठाऊक आहे?

तळघरातला विद्यार्थी

मी शिकत असताना दोन वर्षे एका अकरा पंपांच्या पबात आठवड्यातून चार संध्याकाळ काम करतो आहे आणि पिंपांची देखभाल आता बहुतांशी माझ्याकडे असते, म्हणून दोन्ही बाजूंच्या मुद्द्यांवर थोडे सविस्तर लिहितो.

आधी ताईंच्या प्रश्नाबद्दल. होय, ते खरे आहे. माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीपासून इझिंग्लास नावाचा पदार्थ करतात. घोळ माशाच्या ज्या पिशवीला आपल्या किनाऱ्यावर बोत म्हणतात, तशीच ही वस्तू. आपल्याकडे निवळीची बी उगाळून गढूळ पाणी स्वच्छ करीत, तसेच हे काम आहे: इझिंग्लासला यीस्टचे कण चिकटतात आणि साका होऊन पिंपाच्या तळाशी बसतात. मात्र आता अनेक छोट्या ब्रुअऱ्या इझिंग्लास न घालता एल बनवतात. ती किंचित धूसर दिसते आणि पंपावरच्या पाटीवर बऱ्याचदा तसे लिहिलेलेही असते. काउंटरवर विचारल्यास कुणी गैर मानत नाही आणि ज्यांना हे वर्ज्य आहे त्यांनी विचारलेच पाहिजे. दोन पंपांच्या पबात अशी एल मिळेलच असे नाही, पंधरा पंपांच्या पबात बहुधा एक तरी असते. हा मुद्दा धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे.

तापमानाविषयी सांगायचे तर आमचे तळघर ११ ते १३ अंश सेल्सिअसवर ठेवलेले असते. पुण्याच्या हिवाळी पहाटेइतके ते थंड असते, पण लागर जिभेला बधिर करते तितके नसते. याहून थंड केली तर माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, चव झाकली जाते. निपचित वाटणारी एल मात्र सदोष असू शकते, कारण तिच्यात स्वतःचा बारीक बुडबुडा असायलाच हवा. पिंप आले की ते आडवे, न हलणारे ठेवायचे, वरच्या भोकात आधी मऊ लाकडाची खुंटी ठोकून जादा वायू बाहेर जाऊ द्यायचा, आणि उसळी शमली की कठीण खुंटी बसवून उरलेला वायू आत राखायचा. मऊ खुंटी जास्त वेळ राहिली की बिअर निपचित होते. लीड्समध्ये आपल्याला मिळालेल्या पेल्यामागे कुणाचे तरी असे विसरणे असू शकते.

काकांचा हिशेब बरोबर आहे, फक्त त्यात एक गोष्ट धरलेली नाही. सगळी पिंपे फर्किन नसतात. पिन नावाचे साडेचार गॅलनचे, ३६ पाइंटांचे पिंपही मिळते आणि कमी खपणारी, जड मद्यांशाची एल आम्ही त्यातच मागवतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिटनमध्ये पिंपातून विकल्या जाणाऱ्या बिअरवर करात सवलत आहे. तिच्यासाठी पात्र पिंपाची किमान मर्यादा सुरुवातीला ४० लिटर ठरणार होती. ती २० लिटरवर आणली गेल्यामुळे पिनलाही ती सवलत लागू होते. तरीही प्रामाणिकपणे सांगतो, आमच्याकडे सोमवारी आणि मंगळवारी अकरांपैकी चार पंप बंद ठेवावेत असे मी मालकांना अनेकदा सुचवले आहे. कधी ते ऐकतात, कधी नाही, कारण रिकामा पंप गिऱ्हाइकाला वाईट दिसतो अशी त्यांची समजूत आहे.

स्मेदिकहून

ताजेपणाबद्दल वर पुरेसे लिहून झाले आहे. मला नेदरटनकर काकांच्या ‘वस्तीतल्या पबा’विषयी लिहायचे आहे.

ही वस्ती कुणाची होती, हे विसरून चालणार नाही. मी राहते त्या, बर्मिंगहॅमला लागून असलेल्या स्मेदिकमध्ये १९६०च्या दशकात काही पबांत आशियाई आणि कृष्णवर्णीय माणसांना मुख्य दालनात पेला मिळत नसे. इंडियन वर्कर्स असोसिएशनने त्याविरुद्ध लढा दिला. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स इथल्या मार्शल स्ट्रीटवर येऊन गेले ते अशाच भेदभावाच्या पार्श्वभूमीवर, आणि सार्वजनिक जागांत वर्णभेद बेकायदा ठरवणारा कायदा त्याच वर्षाच्या अखेरीस आला. आज ती परिस्थिती नाही, हे मान्य. पण एकटी भारतीय स्त्री वस्तीतल्या तीन पंपांच्या पबाचे दार उघडते तेव्हा आतल्या सगळ्या माना वळतात, हा अनुभव मी पुष्कळदा घेतला आहे. शहराच्या मध्यभागी असलेल्या मोठ्या पबात प्रत्येक जण परकाच असतो, म्हणून कुणीच परके राहत नाही. पडद्यावर क्रमांक आहेत, मद्यांश लिहिलेला आहे, चाखायला मागता येते आणि कुणाच्या ठरलेल्या खुर्चीवर आपण चुकून बसत नाही. उत्तम एलचा पेला जिथे मिळतो तिथे मी निर्धास्तपणे बसू शकत नसेन, तर त्याचा ताजेपणा माझ्यापर्यंत पोहोचतच नाही.

निवडीचे मोलही मला इतिहासामुळे वाटते. याच बर्मिंगहॅममध्ये एके काळी मिचेल्स अँड बटलर्स आणि अँसेल्स या दोन ब्रुअऱ्यांचे इतके वर्चस्व होते की बहुतेक पबांत या दोहोंपैकी एकीचाच माल मिळे. अँसेल्सचा ॲस्टनचा कारखाना १९८१ मध्ये बंद पडला आणि मिचेल्स अँड बटलर्सचा केप हिलचा २००२ मध्ये. त्याच २००२ साली छोट्या ब्रुअऱ्यांना करात मोठी सूट मिळाली, पाठोपाठ नव्या ब्रुअऱ्या उभ्या राहिल्या, आणि त्यांचा माल ठेवायला वेलिंग्टनसारखे पब लागले. वस्तीतला पब एखाद्या कंपनीचाच माल घेण्याच्या करारात अडकलेला असतो, तेव्हा तिथे या छोट्या ब्रुअऱ्यांना पंप मिळत नाही.

जुना नेदरटनकर

ताईंनी लिहिलेल्या अनुभवापुढे माझा युक्तिवाद अपुरा पडतो, हे मी मान्य करतो. मी पुरुष आहे, इथे सव्वीस वर्षे आहे, आणि त्या दारातून आत जाताना मला काय वाटत नाही याचा मी कधी विचार केला नव्हता. तरी एवढे म्हणेन की ती दारेही बदलता येतात. स्मेदिक आणि वेस्ट ब्रॉमिच इथले कित्येक जुने पब पंजाबी मालकांनी चालवायला घेतले, तिथे शेगडीवरचे कबाब आणि एल एकाच टेबलावर येतात, आणि ते वस्तीचेच पब राहिले आहेत.

निवडीबद्दल मात्र माझे मत कायम आहे, आणि आता थोडे अधिक ठाम. अशा मोठ्या पबातली यादी जरा नीट वाचा. पंधरांपैकी नऊ-दहा एल फिकट सोनेरी, लिंबूवर्गीय वासाच्या हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या) असतात; नावे वेगळी, ब्रुअऱ्या वेगळ्या, चव जवळजवळ एक. काळ्या तांबूस रंगाची माइल्ड, जी या ब्लॅक कंट्रीतल्या, म्हणजे डडलीभोवतीच्या जुन्या कोळसा-लोखंडाच्या पट्ट्यातल्या, लोहार आणि खाणकामगारांचे पेय होती, ती एखादीच असते, कधी नसतेही. डडलीजवळच्या सेजलीच्या बीकन हॉटेलमध्ये सारा ह्यूज ब्रुअरीची ‘डार्क रूबी’ मिळते. ती सहा टक्क्यांची माइल्ड जिथे बनते तिथेच बसून प्यायल्यावर मला जे समजले, ते कुठल्याही पडद्यावरच्या यादीने समजावले नसते. १९७१ मध्ये रिअल एल टिकवण्यासाठी ‘कॅमरा’ ही ग्राहक चळवळ सुरू झाली तेव्हा स्वतःची बिअर स्वतः बनवणारे जुने पब देशात चारच उरले होते आणि त्यांतला एक, ओल्ड स्वान, आमच्या नेदरटनचा. एकाच ठिकाणी एकच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या नीट करणाऱ्यांमुळे हे पेय टिकले, हे नव्या पबांच्या कौतुकात झाकले जाऊ नये.

मिडलँड्सचा प्रवासी (धागाकर्ता)

काका, आपला प्रतिसाद वाचून मी शनिवारी काढलेले पडद्याचे छायाचित्र पुन्हा उघडले आणि मोजले. सोनेरी आणि फिकट मिळून आठ होत्या, बिटर तीन, पोर्टर आणि तिच्यासारखीच काळी स्टाउट मिळून तीन, माइल्ड एक. आपण म्हणता तितकी एकसुरी नाही, पण मी समजत होतो तितकी विविधही नाही, आणि त्या आठांपैकी दोन मी चाखल्या त्यांतला फरक मला आज सांगता येत नाही.

स्मेदिकच्या ताईंशी मी पूर्ण सहमत आहे, आणि माझ्या मूळ लेखात जे कारण यायला हवे होते ते त्यांनी लिहिले. विद्यार्थिमित्रा, तुझ्यामुळे मला एक प्रश्न मिळाला, जो मी आजवर काउंटरवर कधी विचारला नव्हता: हे पिंप कधी उघडले? पुढच्या मंगळवारी दुपारी चार वाजता मी मुद्दाम वेलिंग्टनला जाणार आहे. सर्वांत कमी खपणारी एल कोणती ते विचारून तिचा एक तृतीयांश पाइंट घेईन आणि जे मिळेल ते इथेच लिहीन. रविवारी सेजलीला यायचीही माझी तयारी आहे. काका, आपण सोबत येत असाल तर वेळ कळवा.