लिलिथ आदमची पहिली बायको? पुरावा दाखवा

पानवाचक: "लिलिथ ही आदमची पहिली बायको. बंडखोर निघाली म्हणून धर्मगुरूंनी तिला बायबलमधून काढून टाकलं." ही पोस्ट पुन्हा फिरतेय. काढायला आधी ती तिथे असायला तर हवी! हिब्रू बायबलमध्ये ज्यू कथांतल्या या भुतिणीचा उल्लेख एकदाच, यशया ३४:१४ मध्ये, तोही ओसाड पडलेल्या अदोम देशातल्या रानटी जनावरांबरोबर. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात तिला पंख आहेत, लांब केस आहेत, घरात एकट्या झोपलेल्याला ती धरते. आदमशी लग्न? ते येतं 'बेन सिराची वर्णमाला' या साधारण ८व्या ते १०व्या शतकातल्या पुस्तकात. त्यातच राजकन्येच्या पादण्यावर इलाजही सांगितलाय. बरेच अभ्यासक त्याला विडंबन मानतात ते उगाच नाही.

खारावारा: विडंबन म्हणून मोडीत काढू नका. सेनोय, सनसेनोय, सेमंगलोफ ही तीन देवदूतांची नावं त्याच गोष्टीतली. ती लिहिलेले तावीज पुढे शतकानुशतकं, लिलिथने बाळाला मारू नये म्हणून, बाळंतिणीच्या खोलीत लागले. थट्टेवर भरवसा ठेवून कोण पोर वाचवायला निघतं?

पानवाचक: तावीज बाळ जगावं म्हणून. आदमची पहिली कोण, याचं बाळंतिणीला काय पडलंय? इराकमधल्या निप्पूरला सापडलेले, भुतं अडवायचे मातीचे वाडगे बघा, या पुस्तकाच्याही आधीचे. आतल्या बाजूला गोल गोल फिरत गेलेला आरामाइक मजकूर, आणि वाडगा घराच्या जमिनीखाली पालथा पुरलेला. काहींवर चक्क लिलिथला दिलेली फारकत आहे! घरातल्या माणसाचं नाव, त्याच्या आईचं नाव, सगळं रीतसर. आदमचा पत्ता नाही.

रेवा_क: तुम्हीच माझं काम सोपं केलंत. फारकत द्यायची म्हणजे आधी नातं मानलं ना? शिवाय तालमूदमध्येच, एरुविन १८ब, आदम १३० वर्षं बहिष्कृत असताना त्याच्यापासून भुतंखेतं आणि लिली (लिलिथच्या जातीची भुतं) जन्मल्याचं आहे. बेन सिरावाल्याने हवेतून काही काढलं नाही.

पानवाचक: त्या उताऱ्यात बायको कुठाय? "मध्ययुगीन गोष्ट" म्हणा, माझं काही म्हणणं नाही. "बायबलमधून काढली" हे थांबवा. आणि पोस्टला जोडलेला ब्रिटिश म्युझियममधल्या पंखवाल्या देवीचा फोटोही. ती मेसोपोटेमियाच्या देवींपैकी इश्तर की एरेश्किगल यावर वाद आहे, लिलिथ म्हणणारे आता थोडेच उरलेत.

खारावारा: फोटो खुशाल काढा. पण १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यू स्त्रीवाद्यांनी मासिकाला 'लिलिथ' नाव दिलं, ते आदमच्या खाली पडून राहायला नकार देणाऱ्या बाईचं. तो नकार याच चावट पुस्तकातला आहे, वाडग्यांवरचा नाही.