भट्टी काही परकी नाही

ओव्हनमध्ये भाजलेलं दिवाळीच्या ताटात नको, ती आपली रीत नव्हे, असं कुणीतरी म्हटलं; ते मत मला पटलं नाही. गोव्यातली तवसळी, म्हणजे काकडीचा गोड केक घ्या: किसलेलं तवसं (मोठी काकडी), तांदळाचा रवा, गूळ, खोबरं. पूर्वी पातेल्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे. वरून-खालून धग म्हणजे भट्टीच की! मी तीच आता ओव्हनमध्ये १८० अंशांवर पाऊण तास ठेवते, वरची कड खरपूस होईपर्यंत. निखाऱ्यांचा वास मात्र येत नाही, हे मान्य.

'श्रद्धा उरली नाही तर सण कशाला' असंही विचारलं गेलं, त्याबद्दल थोडं. माझे उपास सुटले, सोवळं तर केव्हाच. देवाकडे मागणंही थांबलं. तरी नवरात्रात फोंड्याकडच्या देवळांत रात्री देवाची मूर्ती बसवलेलं सजवलेलं मखर झुलायला लागलं की मी गर्दीत असतेच, आरतीही घेते. आई याला नास्तिकपणा म्हणते, मुलगी भाबडेपणा. (दोघी माझीच तवसळी खातात.) दिवाळीत नरकासुराचा पुतळा जळल्यावर कारीट फोडून जिभेला लावणं तर अजिबात चुकवत नाही. त्या कडूपणानंतरच गुळातले पोहे खरे लागतात, ताकातले तर त्याहून.