मदत हवी आहे: समुद्राच्या तापमानाने वारा बदलतो की वाऱ्याने तापमान?

नमस्कार मंडळी,

मी कोकणात किनाऱ्यावरच्या एका शाळेत नववीला भूगोल शिकवते. खारे वारे, मतलई वारे मुलांना चटकन समजतात. जमीन तापली, हवा हलकी होऊन वर गेली, दाब उतरला, समुद्रावरून वारा आत आला. पण परवा एका मुलाने विचारलं, "बाई, पाणीच कुठे गरम आणि कुठे गार असलं तर?" त्याचे वडील तांडेल, म्हणजे मासेमारी नौकेचे प्रमुख आहेत. त्याचं पुढचं वाक्य असं, की वारा पडला की पाणी कोमट लागतं आणि चार दिवस जोराचा वारा झाला की गार.

त्याचं खरंच आहे. जोराच्या वाऱ्याने बाष्पीभवन वाढतं, खालचं गार पाणी घुसळून वर येतं. सोमालियाच्या किनाऱ्याला तर हे ठळक दिसतं. जुलै-ऑगस्टमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो, खालचं वर येतं आणि तापमान 20 अंशांच्या आसपास उतरतं. म्हणजे जोराचा वारा तिथे थंड पाणी, असंच मी सांगणार होते.

पण त्याच भागाचे उपग्रहावरून काढलेले वाऱ्याचे आणि तापमानाचे नकाशे बटर पेपरवर गिरवून एकावर एक ठेवले, तर उलटंच निघालं! थंड पाण्याच्या पट्ट्यांवर वारा मंद, शेजारच्या उबदार पाण्यावर जोरात. बरं, दाबाचा नियम लावावा तर वारा उबदार भागाच्या कडेला जोरात हवा, कारण दाबातला फरक तिथे. इथे तो ऐन उबदार पाण्यावरच जोर धरतोय. माझं नेमकं कुठे चुकतंय? मुलाला अर्धवट उत्तर द्यायचं नाहीये, म्हणून विचारते.

प्रतिसाद

ताई, तुमचं चुकलेलं नाही, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. हजारो किलोमीटरचा विस्तार पाहिला तर बहुतेक ठिकाणी वारा समुद्राला गार करतो. काहीशे किलोमीटरच्या पट्ट्यांवर आलात की समुद्र वाऱ्याला वळण लावतो.

उबदार पाण्यावरची हवा खालून तापते, खळबळते आणि वरचा वेगवान वारा खाली ओढून आणते. थंड पाण्यावरची हवा जड होऊन बसून राहते. वरचा वारा तिच्यावरून घसरत जातो आणि पृष्ठभागाजवळचा वारा घर्षणाने मंदावतो. सोमालियाजवळ तर वरती जोराच्या वाऱ्याचा साठाच आहे: मोसमी झोताचा, म्हणजे वेगाने वाहणाऱ्या अरुंद मोसमी वाऱ्याचा गाभा साधारण एक ते दीड किलोमीटर उंचीवर असतो. हे स्पष्टीकरण हवामानशास्त्रज्ञ वॉलेस आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये पूर्व प्रशांत महासागराबद्दल मांडलं. 1999 मध्ये समुद्रावरचा वारा मोजणारा क्विकस्कॅट उपग्रह अवकाशात गेल्यावर आफ्रिकेच्या दक्षिणेला, गल्फ स्ट्रीम या अटलांटिकमधल्या उबदार प्रवाहावर, सगळीकडे तेच चित्र दिसलं.

दाबाचा नियमही खोटा नाही. गल्फ स्ट्रीमच्या उबदार पाण्यावर वारे एकत्र येतात, हवा वर चढते आणि प्रवाहालगत पावसाचा पट्टा तयार होतो. 2008 मध्ये संशोधक मिनोबे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो परिणाम ढगांच्या पार वरच्या थरापर्यंत पोचतो. फक्त दाब जुळून यायला वेळ लागतो. वारा जोराचा असला की हवा पट्टा ओलांडून पुढे निघून जाते, म्हणून तिथे हवेची वर-खाली घुसळणच वरचढ ठरते.

वर्गात सांगायला थंडीतली सकाळ घ्या. पाणी तापवायच्या बंबाचा धूर वाडीवर आडवा पसरून राहतो, माडाची झावळी हलत नाही. ऊन चढलं की जमीन तापते, धूर विस्कटतो आणि झावळ्या सळसळू लागतात. वरचा वारा खाली उतरलेला असतो.

धागाकर्ती

मनापासून आभार. धुराचं उदाहरण वाचल्यावर ओट्यावर जाऊन बसले, आमच्या बंबाचा धूर रोज असाच पसरतो आणि मी कधी विचारच केला नव्हता.

आता तो मुलगा पुढचा प्रश्न विचारणार, हे नक्की. वाऱ्याने गार पाणी वर आणलं, त्या गार पाण्याने वारा मंद केला, मग खालचं पाणी वर येणंही कमी होतं का? म्हणजे समुद्र स्वतःच लगाम घालतो का? यावर कुणी थोडं सविस्तर लिहाल का?