लॅपटॉप चालू होतोय पण स्क्रीन काळीच, दुकानवाला म्हणतो बोर्ड गेला

माळरान:
नमस्कार मंडळी, जरा मदत करा. लॅपटॉप 2018 चा आहे, रॅम 4 अधिक 4 जीबी. गेला महिनाभर असं व्हायचं की झाकण जरा मागं नेलं की स्क्रीन लुकलुकायची आणि पुढं ओढलं की परत नीट, म्हटलं चालतंय तोवर चालवू. परवा फॅन फार घोंघावायला लागला म्हणून व्हिडिओ बघून खालचं कव्हर उघडलं, ब्रशनं धूळ काढली, परत बसवलं आणि तेव्हापासून सगळा खेळ खल्लास. पॉवरची लाइट लागते, फॅन फिरतो, पण स्क्रीनवर कंपनीचा लोगोसुद्धा येत नाही. दुकानात नेला तर त्यानं दोनदा बटण दाबून बघितलं आणि म्हणाला बोर्ड गेला, साडेअकरा हजार. उघडलासुद्धा नाही! बायकोच्या बीएडच्या असाइनमेंट सगळ्या त्यात आहेत, त्यामुळं घरात सध्या मी पण बंदच आहे.

रात्रपाळी:
काळी स्क्रीन म्हणजे दोन वेगळे आजार असू शकतात हो. एक, मशीन आतून सुरू झालंय पण दिसत नाहीये. दुसरा, मशीन सुरूच होत नाहीये. हे ठरल्याशिवाय एक रुपया देऊ नका. चालू करून मिनिटभर थांबा आणि कॅप्स लॉक दाबा, त्याची लाइट लागते-विझते का बघा. लागत असेल तर बहुतेक बोर्ड जिवंत आहे, मग एचडीएमआयनं टीव्हीला जोडा, आणि खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. पुसट अक्षरं दिसली तर पॅनेलवर चित्र येतंय, फक्त मागची लाइट मेलीय. (ह्या टॉर्चच्या युक्तीवर मी हॉस्टेलला चार वर्षं फुकट चहा प्यायलोय.)

बाजीगर_77:
हेअर ड्रायरनं बोर्ड गरम कर भावा, माझ्या जुन्या लॅपटॉपचं ग्राफिक्स तसंच जिवंत झालेलं.

खटपट्या:
बाजीगर, कृपा करून असले सल्ले देऊ नका. तापवलेली चिप चार दिवस चालते आणि मग कायमची जाते, आणि आजूबाजूचं प्लास्टिक वितळलं की आहे तोही बोर्ड गेला. इथं तर ग्राफिक्सचा संशय घ्यायलाच काही कारण नाही.

माळरान:
कॅप्स लॉकला काहीच नाही. टीव्हीवर 'नो सिग्नल'. टॉर्च मारला, माझाच चेहरा दिसला. अजून एक लक्षात आलं, फॅन पाच-सहा सेकंद फिरतो, थांबतो, आपोआप परत फिरतो, असं चालूच राहतं. म्हणजे गेलाच ना बोर्ड?

खटपट्या:
उलट मला बरं वाटलं वाचून. सुरू होऊन पडतोय, परत उठतोय, आणि हे तुम्ही ब्रश फिरवल्यानंतर सुरू झालं, म्हणजे पहिला संशय रॅमवर. रॅम सापडली नाही की बरीच मशिनं अशीच करतात, काहींची लाइट ठरावीक वेळा लुकलुकते, तुमच्या मॉडेलचा अर्थ कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतो. आता नीट ऐका. चार्जर काढा, कव्हर उघडा, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, हे विसरायचं नाही. मग पॉवर बटण तीसेक सेकंद दाबून धरा, उरलासुरला करंट जाईल. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ढकलल्या की ती आपोआप तिरकी उठते, ओढायची नाही. सोनेरी दातांवर पांढरा खोडरबर हलकेच फिरवा, कचरा स्लॉटबाहेर झटका, आणि एकच रॅम तिरकी आत घालून क्लिप टक वाजेपर्यंत खाली दाबा. बॅटरी जोडा, चालू करा. पहिल्यांदा एखाद मिनिट काळंच राहील, घाबरून लगेच बंद करू नका. नाही झालं तर दुसरी रॅम, मग दुसरा स्लॉट.

रात्रपाळी:
आणि विंडोजनं निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची (डिस्कला लावलेल्या कुलपाची) रिकव्हरी की मागितली तर बावरू नका, बायॉसची (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) सेटिंग बदलली तर कधीकधी मागतो. 48 आकडी असते, बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह झालेली सापडते. आत्ताच मोबाईलवरून बघून लिहून ठेवा.

माळरान:
मंडळी!!! पहिल्या रॅमला काही नाही, दुसरी लावली आणि कॅप्स लॉक लागला! टीव्हीवर विंडोज आलं, असाइनमेंट दिसल्या, बायकोनं पेन ड्राइव्ह आधी लावला आणि चहा नंतर दिला. पहिली रॅम परत नीट बसवली तर तीही चालली, तिरकी बसली होती वाटतं. पण लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन अजून काळीच, मात्र आता टॉर्च मारल्यावर रिसायकल बिन पुसट दिसतो!

खटपट्या:
मग हा तुमचा महिनाभरापूर्वीचा जुनाच आजार. झाकण हलवलं की लुकलुकायचं ते स्क्रीनच्या केबलमुळं, ती बिजागरीतून जाते आणि उघड-झाक करून आतली बारीक तार तुटते. चित्र येतंय आणि लाइट नाही, म्हणजे लाइटची तारच गेली असावी. धूळ काढताना उरलीसुरली तुटली असेल. केबल घेताना जुन्या केबलवरचा पार्ट नंबर बघूनच घ्या, 30 पिनी आणि 40 पिनी वेगळ्या असतात, टचची अजून वेगळी. आणि बॅटरी जोडलेली असताना ही केबल काढाल-घालाल तर बोर्डावरचा लाइटचा फ्यूज उडू शकतो, मग खरंच त्या दुकानात जावं लागेल.

बाजीगर_77:
बिजागरीचे स्क्रू पण बघून घ्या, आमच्याकडं ते ढिले होऊन केबल चिरडली होती. हे खरं सांगतोय.

माळरान:
पार्ट नंबर सापडला, नऊशे रुपयांत ऑर्डर केली. तोवर लॅपटॉप टीव्हीलाच जोडलेला आहे, फक्त साडेसात वाजले की आई रिमोट घेऊन येते आणि मला उठावं लागतं.